ओट्यासमोरचा डोंगर

"एक खिडकी. बाकी मला काही नको," ताई म्हणाली, आणि हातातला चहाचा कप खाली ठेवायच्या आत धाकट्याने हो म्हटलं. नातेवाइकांचं काम घ्यायचं नाही, हा नियम त्याने स्वतःच केला होता आणि स्वतःच निष्ठेने पाळत आणला होता. तो मोडायला त्याला एका घोटाइतका वेळही लागला नाही.

धाकटा म्हणजे कोणी पोरसवदा नव्हे. पन्नाशी ओलांडलेला, कानावरचे केस पांढरे झालेला, दारावर 'आर्किटेक्ट' अशी पितळी पाटी असलेला गृहस्थ. पण मोठी बहीण ज्याला धाकट्या म्हणते तो साठीतही धाकटाच राहतो, मग पाटी पितळेची असो की सोन्याची. शिवाय त्या पाटीने त्याला सुख तरी काय दिलं होतं? इतकी घरं काढली, पण नकाशाबरहुकूम उभं राहिलेलं त्यातलं एकही त्याला दाखवता आलं नसतं. एका डॉक्टरबाईंना खेळती हवा हवी होती, म्हणून त्याने घराच्या मधोमध उघडं अंगण दिलं. वर्षाच्या आत त्या अंगणावर पत्रा पडला आणि पत्र्याखाली त्यांची जुनी कपाटं राहायला आली. एका व्यापाऱ्याला भिंती नसलेलं, ऐसपैस घर हवं होतं. त्याने ते दिलं. मग व्यापाऱ्याची आई राहायला आली, आणि तिला भिंती हव्या होत्या. एका जोडप्याने तर जिना कुठून घ्यावा यावर इतका वाद घातला की शेवटी दोघं वेगळी झाली आणि जिना कोणालाच नको झाला. अशा घरांमध्ये आलेले पाहुणे इकडेतिकडे बघून विचारायचे, "हे काढलं कोणी हो?" आणि मालक धाकट्याकडे बोट दाखवायचे. त्या बोटाची त्याला फार धास्ती असायची.

पण ताईची गोष्ट वेगळी होती. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून स्वयंपाक करत होती. ओटा भिंतीला लागून, आणि भिंत ठार आंधळी. "दिवस उजाडला की मावळला हे मला दूधवाल्यावरून कळतं," ती म्हणायची, आणि तेही तक्रार म्हणून नव्हे, गंमत म्हणून. ताईने कधी कोणाकडे काही मागितल्याचं धाकट्याला आठवत नव्हतं. लहानपणी सुद्धा वाटणीत उरेल ते ती घ्यायची आणि मला हेच आवडतं म्हणायची. पुढेपुढे घरच्यांना ते खरंच वाटायला लागलं.

ताई नेमाची बाई. पहाटे उठून प्रार्थना झाल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायची नाही, आणि दर गुरुवारी मौन. मौनही कडक. खुणा नाहीत, चिठ्ठी नाही. "लिहिणं म्हणजे हाताने बोलणंच की रे," असं तिचं म्हणणं. घरच्यांनी या गुरुवारचा मोठा सोयीस्कर उपयोग करून घेतला होता. भाऊजी मित्रांना जेवायला बोलवायचे ते गुरुवारी ठरवायचे. चिरंजीवांनी नोकरी सोडली ती बातमी गुरुवारी दिली. 'तिला विचारलं होतं, ती काही बोलली नाही,' या वाक्यावर ते घर चालत होतं. देवासाठी धरलेलं मौन घरात संमती म्हणून खर्ची पडत होतं, आणि देवही, ताईसारखाच, त्यावर काही बोलत नव्हता.

तर अशा ताईने तोंड उघडून खिडकी मागितली होती. धाकट्याने दुसऱ्याच दिवशी टेप आणि खडू घेऊन तिचं घर गाठलं.

खडूचं असं होतं की ती त्याची काम करायची पद्धत होती. कागदावरचं घर गिऱ्हाइकाला कळत नाही; ते मान डोलावतं आणि बांधून झाल्यावर डोळ्याला रुमाल लावतं. म्हणून जे बांधायचं ते तो जागेवरच पुऱ्या मापाने आखायचा. जमिनीवर भिंती, भिंतींवर दारं. मग घरच्यांना त्यात वावरायला लावायचा. भलीभली माणसं खडूच्या दारातून जाताना डोकं वाकवायची. त्याच्या धंद्यातलं सगळं सुख त्या तेवढ्या अर्ध्या तासात असायचं. त्यानंतर सिमेंट यायचं.

"ताई, रोजच्यासारखी उभी राहा बघू ओट्याशी."

ताई हात पुसून उभी राहिली. त्याने तिच्या कोपराची उंची घेतली, नजरेची घेतली, आणि भिंतीवर एक लांबरुंद चौकट आखली. खालची रेघ बरोबर तिच्या कोपराला. ताईने त्या रेघेवर हळूच कोपर टेकल्यासारखं केलं आणि गिलाव्याकडे बघत राहिली.

"इथून काय दिसेल रे?"

"मागचं झाड. त्याच्यावर आकाश."

"ते झाड? गच्चीवर कपडे वाळत घालताना दिसतं ते?" ताईला पटेना. "ते मला इथून दिसेल? काम करता करता?"

"उभ्या जागेवरून."

ताई हसली. मग ओट्यावरचं भांडं तिने बाजूला सरकवलं, जणू ते उजेडाच्या वाटेत येत होतं.

इथवर सगळं ठीक होतं. तेवढ्यात भाऊजी आत आले. भाऊजींना नोकरीतून निवृत्त झाल्यापासून घरात लक्ष घालायला भरपूर वेळ मिळत होता, आणि त्यातून ते कुणालाही सुटू देत नव्हते. त्यांनी चौकटीकडे बघितलं, भिंतीवर बोटाची पेरं वाजवली आणि म्हणाले, "ठीक आहे. पण भिंत फोडायचीच आहे, तर..."

भूकंपाने जेवढी घरं पडली नसतील तेवढी 'फोडायचीच आहे तर' या तीन शब्दांनी पडलेली धाकट्याने पाहिली होती. भिंत फोडायचीच आहे तर ओट्याची फरशी बदलू. फरशी उखडायचीच आहे तर खालचे नळ नवे टाकू. नळ टाकायचेच आहेत तर न्हाणीघर तरी जुनं कशाला? न्हाणीघराला हात लावायचाच आहे तर चिरंजीवांना मोठा टीव्ही लावायला एक मोकळी भिंत हवी होती, तीही बघून टाकू. टीव्ही आणि न्हाणीघर यांचा संबंध काय, हे धाकट्याने विचारलं. भाऊजी म्हणाले, "मेहुणेबुवा, तुम्ही फार तुकड्यातुकड्याने विचार करता. घर हे अखंड असतं."

ठेकेदार भाऊजींनीच आणला. त्याचं नाव काहीही असो, धाकट्याने त्याला करून-टाकू असं नाव ठेवलं, कारण त्याच्याजवळ तेवढंच एक उत्तर होतं. फरशी? करून टाकू. नळ? करून टाकू. या भिंतीवर वरच्या गच्चीचा भार आहे, ती जपून फोडावी लागेल? "करून टाकू हो साहेब, तुम्ही कशाला जिवाला लावून घेता?" जिवाला लावून घेण्यासाठीच आपल्याला बोलावलं आहे, असा धाकट्याचा इतकी वर्षं समज होता.

मग परवानगी. बांधकाम खात्यातल्या बाबूने जुन्या गठ्ठ्यातून घराचा मंजूर नकाशा शोधला, टेबलावर पसरला, चारही कोपऱ्यांवर चार शिक्के ठेवले आणि विचारलं, "कुठे हवी म्हणता खिडकी?"

"स्वयंपाकघरात. ओट्यावर."

"आहे की."

"काय आहे?"

"खिडकी. ही काय." बाबूने बोट ठेवलं. "असलेल्या खिडकीला नवीन म्हणून परवानगी कशी देऊ मी?"

धाकट्याने वाकून पाहिलं. खरंच होती. मूळच्या नकाशावाल्याने ती अगदी ओट्यासमोर काढलेली होती. बांधणाऱ्याने तेवढी तसदी वाचवून सरळ भिंत घातली होती.

"साहेब, जागेवर ती नाहीये. तिथे भिंत आहे."

"मग ते अनधिकृत झालं."

"काय अनधिकृत झालं?"

"भिंत."

"बरं, मग ती पाडायची परवानगी द्या."

बाबूने त्याच्याकडे अतीव सहानुभूतीने बघितलं. "नकाशात असलेली भिंत पाडायची परवानगी मिळते. ही भिंत नकाशात कुठे आहे? नसलेली भिंत पाडायला मी सही केली तर उद्या माझी चौकशी लागेल."

धाकटा खुर्चीत टेकला. शेजारच्या टेबलावरच्या बाई डबा उघडत होत्या, त्यांनाही त्याची दया आली असावी. त्यांनी डबा तसाच ठेवून बाबूला काहीतरी खुणावलं. बाबू म्हणाला, "एक मार्ग आहे. आधी खिडकी बंद करण्याचा अर्ज करा. तो मंजूर झाला की खिडकी रीतसर बंद झाली. मग ती उघडण्याचा अर्ज करा. सोबत मागच्या शेजाऱ्याची ना-हरकत जोडा."

"म्हणजे नसलेली खिडकी मी आधी बंद करायची."

"रीतसर," बाबू म्हणाला, आणि शिक्के उचलले. नकाशा आपला आपण गुंडाळला गेला.

त्याने हे सगळं ताईला रंगवून सांगितलं. वाटलं होतं ती हसेल. ताई हातातलं काम थांबवून म्हणाली, "म्हणजे ती होतीच?"

"कागदावर होती."

"बघ हं." ताईने भिंतीवरच्या खडूच्या चौकटीकडे पाहिलं. "आणि मला वाटायचं, मीच उगाच काहीतरी भलतं मागतेय."

धाकट्याने दोन्ही अर्ज त्याच दिवशी भरून दिले.

मागच्या घरात अनुभवी काका राहत होते. हे नाव मात्र त्याने ठेवलेलं नव्हतं. ते स्वतःच प्रत्येक वाक्याची सुरुवात 'अनुभवाने सांगतो' अशी करत. काकांनी आयुष्यात एकच घर बांधलं होतं, स्वतःचं, आणि ते ज्या बाजूने पाहाल त्या बाजूने गळत होतं. या शिदोरीवर ते सगळ्या गल्लीला बांधकामाचे सल्ले द्यायचे आणि गल्ली ते घ्यायची, कारण धाकट्याच्या सल्ल्याला फी पडायची.

"अनुभवाने सांगतो," काका म्हणाले, "स्वयंपाकघराची खिडकी म्हणजे वास आला, धूर आला, भांड्यांचा खणखणाट आला. मी दुपारचा अंगणात जरा आडवा होतो."

"काका, तुमच्याकडे कोणी बघणार नाही. ती झाडाकडे बघेल."

"झाड माझं आहे."

"मग आकाशाकडे बघेल."

"माझ्याच बाजूचं ना?" काकांनी चष्मा पुसला. "बैठकीची खिडकी असती तर गोष्ट निराळी. बैठकीत माणसं टीव्ही बघतात, बाहेर कोणी बघत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीला माझी हरकत आहे. तरी येतो, जागा पाहतो. शेजारधर्म आहे."

धाकट्याने यातला पहिला अर्धा भाग सोडून दिला आणि दुसऱ्या अर्ध्यावर आशा ठेवली. बरोबर आलेल्या भाऊजींनी उलट केलं, हे त्याला फार उशिरा कळलं.

रविवारी काका जागा पाहायला आले. ओट्यापुढे भाऊजी, चिरंजीव, करून-टाकू आणि काका असे चौघे उभे राहिले. ताईला उभं राहायला जागा उरली नाही म्हणून ती दारात गेली. काकांनी खडूच्या चौकटीकडे बराच वेळ एक डोळा मिटून पाहिलं. मग नळाखाली बोट ओलं केलं, खालची रेघ, ती ताईच्या कोपराची रेघ, एका फटक्यात पुसली आणि ओट्यावरचा खडू उचलून डोक्याच्या वर दुसरी मारली. तीही तिरकी.

"इथे घ्या. उजेड येईल, नजर जाणार नाही."

"काका, खिडकी बघायला असते," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज थोडा चढला होता.

"करून टाकू," करून-टाकू म्हणाला. "वर तर वर."

"मामा," चिरंजीव म्हणाले, "तुम्ही अजून शाळेतल्या मास्तरांसारखे खडू घेऊन का फिरता हो? आता सगळं कॉम्प्युटरवर दिसतं."

आणि भाऊजींनी, घरातल्या कर्त्या माणसाने मध्यस्थी करावी त्या सुरात, धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मेहुणेबुवा, तुमचं शिक्षण मोठं, कोण नाही म्हणतंय? पण नकाशे काढणं वेगळं आणि घर बांधणं वेगळं. काकांनी स्वतः उन्हात उभं राहून घर बांधलंय."

ते गळतं, हे शब्द धाकट्याच्या जिभेवर आले होते. पण माणूस खरा दुखावला की त्याला नेमकं बोलायचं ते बोलता येत नाही. त्याने काकांच्या हातून खडू घेतला, तो ओट्यावर ठेवला, जरा जास्तच हळुवारपणे ठेवला, आणि म्हणाला, "मग आता काकांनाच विचारून करा."

दारात ताई होती. "धाकट्या, चहा टाकलाय," ती म्हणाली. तो तिच्या बाजूने बाहेर पडला आणि त्याने मागे वळून पाहिलं नाही. मागे वळलं तर मानभंगाचा परिणाम कमी होतो, एवढं त्याला कळत होतं.

घरी जाताना रस्ताभर त्याने भाऊजींना उत्तरं दिली. अशी बिनतोड उत्तरं की एका सायकलवाल्याने थांबून विचारलं, "मला काही म्हणालात का?"

पुढचे दिवस तो वाट बघत राहिला. ताईची नव्हे, भाऊजींची. हिशेब सरळ होता. परवानगी काकांच्या ना-हरकतीवर अडलेली. काका सही करणार नाहीत. काम ठप्प होईल. भाऊजी नाक मुठीत धरून येतील. मग तो थोडे आढेवेढे घेईल, आणि ती रेघ पुन्हा ताईच्या कोपराला येईल. बायको म्हणाली, "अहो, तुमचा मान राहू द्या बाजूला. ताईंचं काय?"

"ताईचं काय होणार आहे? इतकी वर्षं थांबली, चार दिवस आणखी."

"तुम्ही जाऊन तरी या."

"मी खडू ठेवून आलोय," धाकटा म्हणाला. जणू तलवार ठेवून आला होता.

गुरुवारी दुपारी फोन वाजला. ताईचा नंबर होता. मानी माणसाने फोन थोडा वाजू द्यावा, म्हणून त्याने वाजू दिला, मग उचलला.

"बोल ताई."

पलीकडे कोणी बोललं नाही. श्वास ऐकू येत होता, आणि त्याच्यामागे घणाचे ठोके. दण. दण. मग काहीतरी मोठं ढासळल्याचा आवाज आणि करून-टाकूची आरोळी.

"काम सुरू झालं वाटतं," धाकटा म्हणाला. त्याला आतून कोणीतरी चिमटा काढल्यासारखं झालं. म्हणजे आपल्यावाचून त्यांचं काही अडलं नाही. "छान. काकांना विचारून चाललंय ना?"

श्वास. दण.

"ताई, बोल ना."

दण.

"बोलायचंच नाही, तर फोन कशाला केलास?" असं म्हणून त्याने फोन ठेवला. तो तिथेच बसून होता. पुन्हा वाजला तर लगेच उचलायचा, असं त्याने ठरवलं होतं. वाजला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर वाचताना तारखेशेजारी शुक्रवार दिसला आणि मग कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. काल गुरुवार होता. ज्या बाईने इतक्या वर्षांत चिठ्ठीसुद्धा लिहिली नाही तिने फोन लावून नुसता हातात धरला होता. तो उठला, चपला घातल्या, आणि पायरीवर थांबला. जाऊन काय म्हणायचं? शिवाय आज काही मौन नाही. खरंच महत्त्वाचं असेल तर ती आज करेल की फोन. त्याने चपला काढल्या. दिवसभर फोन आला नाही, म्हणजे तसं काही विशेष नसणार, हे त्याने स्वतःला पटवलं. धाकट्याला आयुष्यात एकही गिऱ्हाईक इतक्या चटकन पटवता आलं नव्हतं.

यानंतर बऱ्याच दिवसांनी भाऊजींचा फोन आला, आणि तो नाक मुठीत धरलेल्या माणसाचा मुळीच नव्हता. "मेहुणेबुवा, काम झालं. या, बघा तरी. रुसता काय लहान मुलासारखे?"

धाकट्याने इस्त्रीचा सदरा घातला. मनात क्षमा तयार ठेवली. मागितली की द्यायची.

भाऊजींनी त्याला हाताला धरून थेट मागच्या खोलीत, जुन्या स्वयंपाकघरात नेलं. तिथे ओटा नव्हता. सोफा होता, समोरच्या भिंतीवर दाराएवढा टीव्ही होता, त्यापुढे चिरंजीव पसरले होते. आणि मागच्या भिंतीला एक जाड, गडद रंगाचा पडदा.

"काकांची अट आठवते ना? बैठकीची खिडकी चालेल म्हणाले होते. मी मनात म्हटलं, सोपं आहे, बैठकच इकडे आणू. स्वयंपाकघर नेलं मधल्या खोलीत. काकांनी बसल्या जागी सही दिली. आणि खिडकी तुमचीच हो, अगदी तुमच्या मापाची. बैठकीची म्हटल्यावर काका म्हणाले, कुठेही घ्या, खाली घ्या."

धाकट्याने पडद्यामागे हात घातला. सवयीने खिशातून टेप काढला आणि मोजून पाहिलं. लांबी, रुंदी, जमिनीपासूनची उंची. सुताचाही फरक नव्हता. त्याच्या उभ्या हयातीत नकाशाबरहुकूम बांधली गेलेली ही पहिली वस्तू. खालची पट्टी बरोबर ताईच्या कोपराला.

"ताईला विचारलं होतंत?"

"म्हणजे काय? सगळ्यांसमोर विचारलं. ती काही बोलली नाही."

"कोणत्या वारी?"

"आता वार कुठे लक्षात ठेवू मी?" भाऊजी दुखावल्यासारखे झाले. "खिडकीसाठीच केलं ना एवढं सगळं? तिच्यासाठीच?"

स्वयंपाकघर म्हणजे पूर्वी ज्या मधल्या खोलीत गाद्या आणि ट्रंका असायच्या ती. चारही बाजूंना खोल्या; भरदुपारी ट्यूबलाइट चालू. ताई भिंतीकडे तोंड करून उभी होती. भिंतीला चकचकीत टाइल्स होत्या आणि त्यांवर चित्र होतं. बर्फाचा डोंगर, खाली निळं तळं, तळ्यात एक होडी. भाऊजींनी खास निवडून आणलं होतं, तिला खिडकीसारखं वाटावं म्हणून. करून-टाकूने दोन टाइल्सची अदलाबदल केली होती, त्यामुळे होडी आकाशात होती आणि तळ्यात डोंगराचं टोक बुडालेलं.

"ये," ताई म्हणाली. "चहा घेशील ना?" तिच्या हातात ओलं फडकं होतं. "डोंगरावर तेल उडतं रे. तेवढं रोज पुसावं लागतं, नाहीतर पिवळा पडतो."

धाकटा होडीकडे बघत राहिला. बरोबर आणलेली क्षमा कोणी मागितली नव्हती. ती कोणाला द्यायची होती हेही आता त्याला नीट आठवेना.

"ताई, त्या दिवशी तू फोन केला होतास."

"हो."

"मौन होतं तुझं."

"हो ना."

"मग बोलायचंच नव्हतं तर..." तो थांबला. हे वाक्य त्याचं एकदा म्हणून झालं होतं.

"तुला ऐकू यावं म्हणून केला होता," ताई म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. "मला वाटलं, घणाचा आवाज ऐकलास की तू येशील. कुठली भिंत पडतेय हे तुला आवाजावरून कळतं, असं तूच सांगायचास."

तो सांगायचा खरा. गिऱ्हाइकांवर छाप पाडायला.

ताईने चहाचं आधण ठेवलं, फडताळातून एक वाटी काढली आणि त्याच्यापुढे धरली. वाटीत खडू होता. "तुझा राहिला होता. फरशीवाले फेकून देत होते, मी उचलून ठेवला. लागेल तुला."

धाकट्याने तो खिशात टाकला आणि चहा होईपर्यंत तिथे उभं राहवेना म्हणून बैठकीत आला. आर्किटेक्ट माणूस, डोकं आपोआप चालतं. स्वयंपाकघराचं दार बरोबर या खोलीत उघडत होतं. दार उघडं ठेवलं, पडदा बाजूला असला, आणि ओट्याशी उभ्या असलेल्या बाईने नुसती मान वळवली, तर खोलीच्या पलीकडून झाडाचा शेंडा दिसायला हवा. निदान आकाशाची पट्टी तरी. त्याने पडदा सरकवला.

उजेड सोफ्यावरून, चिरंजीवांच्या पायांवरून, दारातून सरळ आत गेला आणि ओट्याच्या कडेला टेकला. ताईने वळून पाहिलं. हातात चहाचं गाळणं तसंच. झाड होतं. त्याच्यावर आकाश होतं. तिने गाळणं खाली ठेवलं आणि ओट्यावर, सवयीनेच, कोपर टेकला.

"मामा, काही दिसत नाहीये," चिरंजीव म्हणाले. टीव्हीच्या काचेत झाड आलं होतं.

"मेहुणेबुवा, पडदा ओढा जरा," भाऊजी म्हणाले. "त्या उन्हाने टीव्हीवरचा सगळा चेहरामोहरा जातो हो."

धाकट्याने ताईकडे पाहिलं. ती काहीतरी म्हणेल, म्हणून तो थांबला. राहू दे म्हणेल. एवढंच म्हणाली असती तर तो भाऊजींशी भांडला असता, काकांशी, बाबूशी, सगळ्या गल्लीशी भांडला असता. सगळी उत्तरं रस्त्यात तयार करून झालेली होती.

"मेहुणे?"

त्याने पडदा ओढला. आतून गाळण्याचा आवाज आला, मग कप मांडल्याचा. ताई काहीच बोलली नाही. आणि त्या दिवशी काही गुरुवार नव्हता.